दत्तक नामंजूर?

जुन्या मोटारींच्या शौकिनांत बसलं की एक वाक्य कानावर आल्याशिवाय राहत नाही : 'खरी बेंटली १९३१ सालीच संपली.' वाक्य छोटं आहे, ठाम आहे आणि म्हणणाऱ्याला फुकटात जाणकार ठरवून टाकतं. मुंबईत हॉर्निमन सर्कलहून जुन्या गाड्यांची रॅली निघते, तिथल्या गर्दीत मी ते ऐकलं आहे, इंग्रजी ग्रंथांत वाचलं आहे, आणि खरं सांगायचं तर कित्येक वर्षं स्वतःही म्हणत आलो आहे. लंडनच्या क्रिकलवूड भागातल्या कारखान्यातून १९२१ ते १९३१ या दहा वर्षांत बाहेर पडली तेवढीच बेंटली. मग रोल्स-रॉइसनं कंपनी गिळली आणि १९३३पासून आपल्या डर्बीच्या कारखान्यात जी गाडी बांधली ती नावापुरती बेंटली. पुढं बेंटलीचं रेडिएटर, मागं सगळी रोल्स-रॉइस. रक्ताचा वारस नाही, सबब दत्तक नामंजूर. डलहौसीनं साताऱ्याचा आणि झाशीचा निकाल लावला त्याच थाटात हा निकाल लावला जातो.

तो निकाल मला आता मान्य नाही. पण शास्त्रार्थाची आपल्याकडची रीत अशी की, समोरच्याचं म्हणणं त्याच्याइतकंच जोरकस मांडता आलं तरच ते खोडायला बसावं. म्हणून आधी पूर्वपक्ष.

वॉल्टर ओवेन बेंटली मुळात रेल्वेचा माणूस. सगळं जग त्याला 'डब्ल्यू. ओ.' म्हणे. जन्म लंडनचा, १८८८चा. उमेदवारी ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या डॉन्कास्टरच्या कारखान्यात, वाफेच्या इंजिनांवर. पुढं भावाबरोबर त्यानं डी. एफ. पी. नावाच्या फ्रेंच मोटारींची एजन्सी घेतली आणि त्या साध्यासुध्या गाडीच्या इंजिनात ॲल्युमिनियमचे पिस्टन बसवून तिला पळवून दाखवलं. पहिल्या महायुद्धात त्याच अनुभवाच्या जोरावर तो विमानांच्या इंजिनांकडे गेला; सॉपविथ कॅमल या लढाऊ विमानांपैकी बऱ्याच विमानांत त्याचं बी. आर. १ हे इंजिन होतं. १९१९मध्ये स्वतःची कंपनी, १९२१मध्ये पहिल्या गिऱ्हाइकाच्या हाती गाडी. तीन लिटरचं चार सिलिंडरी इंजिन, दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि दोन स्पार्क प्लग, कॅमशाफ्ट थेट सिलिंडरांच्या डोक्यावर. रस्त्यावरच्या गाडीला असलं इंजिन म्हणजे शर्यतीचा घोडा घरच्या टांग्याला जुंपण्यातला प्रकार होता.

मग फ्रान्समधली ल मान्सची २४ तासांची शर्यत. बेंटलीनं ती १९२४मध्ये जिंकली आणि पुढं १९२७ ते १९३० अशी लागोपाठ चार वर्षं जिंकली. १९२७ची कथा तर शौकिनांना तोंडपाठ असते. संध्याकाळच्या अंधुक उजेडात 'व्हाइट हाउस'च्या वळणावर तिन्ही बेंटल्या एकाच अपघातात सापडल्या. त्यांतली एक, सांगाडा वाकलेला, एक दिवा फुटलेला, अशा अवस्थेत रात्रभर पळत राहिली आणि दुसऱ्या दिवशी पहिली आली. कंपनीचा पैसेवाला अध्यक्ष वूल्फ बार्नाटो हा किंबर्लीच्या हिऱ्यांच्या संपत्तीचा वारस. तो या शर्यतीत तीनदा उतरला आणि तिन्ही वेळा जिंकला. असा मालक आणि अशी गाडी पुन्हा होणे नाही, असं कुणी म्हटलं तर मी मान डोलावीन.

आणि शेवट कसा झाला? मंदी आली, बार्नाटोनं हात आखडता घेतला, जुलै १९३१मध्ये कंपनीवर रिसीव्हर बसला. नेपिअर कंपनीशी खरेदीचं जवळजवळ ठरलं होतं. ऐन वेळी 'ब्रिटिश सेंट्रल इक्विटेबल ट्रस्ट' नावाच्या भलत्याच संस्थेनं जास्त बोली लावली आणि सौदा नेला. त्या नावामागं रोल्स-रॉइस आहे हे काही दिवस खुद्द डब्ल्यू. ओ.लाही ठाऊक नव्हतं. नव्या मालकांना यंत्रं मिळाली, नाव मिळालं आणि करारानं बांधलेला डब्ल्यू. ओ.ही मिळाला, पण नव्या गाडीचा आराखडा काही त्याच्या हाती दिला नाही. १९३३मध्ये साडेतीन लिटरची नवी बेंटली आली तेव्हा तिच्यात ना डोक्यावरचा कॅमशाफ्ट होता, ना चार व्हॉल्व्ह, ना दोन प्लग. इंजिनाचा मूळ ठोकळा रोल्स-रॉइसच्या 'ट्वेंटी-ट्वेंटीफाइव्ह' या सभ्य, शांत गाडीचा.

पूर्वपक्ष इथं संपतो. त्यातलं एकही विधान खोटं नाही. खोट आहे ती त्यांवरून काढलेल्या अनुमानात.

पहिली गोष्ट, 'बेंटली म्हणजे काय' याचं उत्तर पूर्वपक्ष गृहीत धरतो. त्याच्या लेखी बेंटली म्हणजे गडगडाट, उघडी बॉडी, हिरवा रंग आणि गॉगल लावलेला धाडसी गडी. पण डब्ल्यू. ओ.नं स्वतःपुढं ठेवलेलं उद्दिष्ट साधं होतं : वेगवान गाडी, चांगली गाडी, आपल्या वर्गात सर्वांत सरस गाडी. त्यात गडगडाट कुठंच नाही. तीन लिटरची गाडी गडगडायची, कारण चार मोठाली सिलिंडरं, सरळ दात्यांचे गिअर आणि त्या काळचं ज्ञान यांतून गडगडाटच निघणार. तो त्याला हवा होता, की चालवून घ्यावा लागत होता?

गिऱ्हाइकांनी या प्रश्नाचं उत्तर लवकरच मागितलं. तेव्हा कारखाना फक्त चासी विकायचा; बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडून बांधून घ्यायचं. तीन लिटरच्या नाजूक चासीवर लोक काचांच्या, गाद्यांच्या, जड बंद बॉड्या चढवू लागले. घोडा तोच, वर डोलारा. तेव्हा डब्ल्यू. ओ.नं सहा सिलिंडरांची मोठी गाडी हाती घेतली. १९२४मध्ये तो फ्रान्समध्ये तिचा नमुना चालवत होता. ओळख लपवण्यासाठी तिला भलतंच कुरूप रेडिएटर लावलं होतं आणि कागदोपत्री नाव ठेवलं होतं 'द सन'. एका फाट्यावर समोरून तशीच एक वेष पालटलेली गाडी आली. ती रोल्स-रॉइसच्या नव्या फँटमचा नमुना. दोघांनी एकमेकांना ओळखलं, आणि मग त्या लांबसडक फ्रेंच रस्त्यावर दोन्ही गाड्या खांद्याला खांदा लावून पळाल्या. दोघांचा वेग जवळजवळ सारखाच निघाला. परत आल्यावर डब्ल्यू. ओ.नं सव्वाचार लिटरच्या आसपासचं ते इंजिन वाढवून साडेसहा लिटरचं केलं. माझ्या मते या कथेतला सर्वांत बोलका क्षण हा आहे, ल मान्सचा नव्हे. अस्सल, निर्भेळ म्हणून जिचे गोडवे गातात त्या क्रिकलवूडच्या मोठ्या बेंटलीचं मोजमापच रोल्स-रॉइसच्या शेजारी पळून ठरलं.

आता त्या साडेसहा लिटरच्या इंजिनाचं बोनेट उघडू. तीन लिटरच्या गाडीत क्रँकशाफ्टची फिरकी डोक्यावरच्या कॅमशाफ्टपर्यंत नेण्यासाठी इंजिनाच्या तोंडाशी एक उभा दांडा आणि तिरक्या दात्यांची चाकं होती. दाते आले की घूं घूं आली. नव्या इंजिनात डब्ल्यू. ओ.नं ती यंत्रणा काढून टाकली. इंजिनाच्या मागच्या अंगाला त्यानं खाली एक छोटा तीन वळणांचा क्रँक बसवला, वर कॅमशाफ्टच्या टोकाला तसाच दुसरा, आणि दोन्ही तीन दांड्यांनी जोडले. वाफेच्या इंजिनाची मोठी चाकं एकमेकांना बांधणारा, पुढं-मागं हेलकावणारा पोलादी दांडा ज्यानं पाहिला असेल त्याला हे लगेच कळेल. डॉन्कास्टरची उमेदवारी इथं उपयोगी पडली. एवढा खटाटोप अश्वशक्ती वाढवण्यासाठी नव्हता. तो आवाज मारण्यासाठी होता. इंजिनही रबरावर बसवलं होतं, त्याचं कारण तेच.

आणि १९३०ची आठ लिटरची बेंटली? तिच्या वेळी डब्ल्यू. ओ.नं उघड सांगितलं की, ताशी १०० मैल जाणारी आणि तरी मुळीच आवाज न करणारी गाडी काढायची हे आपल्या मनात होतं, आणि आता ते साधलं. चासीची किंमत १८५० पौंड, चाकांमधलं अंतर १२ किंवा १३ फूट, बॉडी चढवल्यावर वजन अडीच टनांच्या घरात. बरोबर १०० गाड्या निघाल्या आणि कंपनी बुडाली. तीन वर्षांनी डर्बीच्या गाडीची जाहिरात 'नि:शब्द स्पोर्ट्स कार' अशी झाली तेव्हा जुने भक्त खवळले. 'नि:शब्द' हा शब्द मात्र डर्बीनं क्रिकलवूडच्याच तोंडून उचलला होता.

जाता जाता एक योगायोग. हेन्री रॉइसही ग्रेट नॉर्दर्न रेल्वेचाच पोरगा, पीटरबरोच्या कारखान्यातला. डब्ल्यू. ओ.नं आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे की, कंपनी विकली गेल्यावर रॉइसशी भेट झाली तेव्हा त्यानं विचारलं, तुम्ही काही इंजिनिअर नव्हेत ना? त्यावर डब्ल्यू. ओ.नं शांतपणे आठवण करून दिली की, साहेब, तुम्ही पीटरबरोच्या शेडमध्ये पोरगेले होता, त्यानंतर थोड्या वर्षांनी मी डॉन्कास्टरला उमेदवार होतो. एकाच तालमीतले दोन मल्ल, एवढंच यातून मी घेतो.

दुसरा आक्षेप इंजिनाचा : कॅमशाफ्ट खाली गेला, व्हॉल्व्ह लांब सळ्यांनी उघडू लागले, म्हणजे बेंटलीपण गेलं. हा आक्षेप घेणारे एक गाडी सोयीस्कर विसरतात. १९३१मध्ये, रिसीव्हर दाराशी आलेला असताना, क्रिकलवूडनंच चार लिटरची एक बेंटली काढली. इंजिनाचा आराखडा रिकार्डो या बाहेरच्या इंजिन-तज्ज्ञाच्या कचेरीतला, डब्ल्यू. ओ.चा नाही; आत येणारा व्हॉल्व्ह वर आणि बाहेर जाणारा बाजूला, कॅमशाफ्ट खाली, सळ्या आहेतच. वर ते इंजिन आठ लिटरच्या गाडीच्या अवजड चासीत बसवलेलं. ५० गाड्या निघाल्या. डब्ल्यू. ओ.ला ती मुळीच आवडत नव्हती. पण तिला 'खरी बेंटली नव्हे' म्हणून कुणी यादीबाहेर काढत नाही, कारण ती क्रिकलवूडच्या फाटकातून बाहेर पडली. म्हणजे कसोटी कॅमशाफ्टची नाहीच. कसोटी पत्त्याची आहे. पत्ता हेच लक्षण मानायचं असेल तर खुशाल माना, पण मग इंजिनाचा मुद्दा पुढं करू नका.

शर्यतींचंही तसंच. 'रोल्स-रॉइसनं बेंटलीच्या शर्यती बंद केल्या' हे वाक्य मी छापलेलं पाहिलं आहे. त्या बंद केल्या बार्नाटोनं, १९३०ची ल मान्स जिंकल्यावर लगोलग, कंपनी स्वतंत्र असतानाच. पैसा परवडत नव्हता. पुढं तोच बार्नाटो डर्बीच्या बेंटली कंपनीच्या संचालक मंडळावर जाऊन बसला.

मग हिरव्या, उघड्या, बोनेटला चामडी पट्टे बांधलेल्या बेंटलीचं चित्र आलं कुठून? थोडं शर्यतींतून, पुष्कळसं नंतरच्या प्रेमातून. क्रिकलवूडच्या अनेक गाड्या मुळात बंद सलून होत्या, काही तर थेट लिमोझिन. पुढच्या पिढ्यांच्या शौकिनांनी त्या बॉड्या काढून टाकल्या आणि ल मान्सच्या गाड्यांसारख्या उघड्या बॉड्या बांधून घेतल्या. आज रॅलीत दिसणाऱ्या कित्येक 'अस्सल' बेंटल्यांचा चासी अस्सल, अवतार मागाहूनचा. जुन्या वाड्याचा दिवाणखाना पाडून तिथं सिनेमातल्यासारखा वाडा उभारावा आणि पाहुण्यांना तोच मूळचा म्हणून दाखवावा, तसं हे.

चित्राच्या मध्यभागी असते 'ब्लोअर'. साडेचार लिटरच्या गाडीला पुढं, रेडिएटरच्या पायथ्याशी, ॲम्हर्स्ट विलिअर्सचा सुपरचार्जर जोडलेली. ती टिम बर्किन या शर्यतपटूनं हट्टानं करवली, पैसा डॉरोथी पॅजेट या श्रीमंत बाईंचा, डब्ल्यू. ओ.चा विरोध. शर्यतीच्या पाच धरून ५५ गाड्या झाल्या. ल मान्स तिनं कधीच जिंकली नाही. १९३०मध्ये पॉ इथं फ्रेंच ग्राँ प्रीत, नाजूक बुगाट्यांच्या गर्दीत ही धिप्पाड चार आसनी गाडी दुसरी आली, आणि १९३२मध्ये बर्किननं एक आसनी ब्लोअरमध्ये ब्रुकलँड्सच्या चक्राकार ट्रॅकवर ताशी १३७.९६ मैलांचा फेरा मारला. कर्तृत्व मोठंच, नाकारायचं कारण नाही. पण जन्मदात्यानं जिला आपली मानली नाही ती गाडी बेंटलीपणाचा आदर्श, आणि जिच्या पूर्वजा त्यानं स्वतः नि:शब्द करत आणल्या ती उपरी! हा न्याय मला कळत नाही. इयन फ्लेमिंगनं आपल्या पहिल्या कादंबरीत जेम्स बाँडच्या हाती हीच ब्लोअर दिली, त्यामुळं तर बोलायलाच नको.

आणखी एक दाखला. मार्च १९३०मध्ये बार्नाटोनं पैज मारली की, कानहून निघणारी प्रसिद्ध 'ब्लू ट्रेन' कॅलेला पोचायच्या आत आपण लंडन गाठू. त्यानं ती जिंकली. या पराक्रमाची म्हणून जी गाडी वर्षानुवर्षं चित्रांत दाखवली गेली ती गर्नी नटिंगच्या हातची, छप्पर मागं उतरत गेलेली देखणी कुपे. पण ती कुपे पैजेच्या दिवशी तयारच झाली नव्हती. बार्नाटोनं चालवली ती एच. जे. मुलिनरच्या बॉडीची साधी बंद सलून. क्रिकलवूडचा रस्त्यावरचा सर्वांत गाजलेला विक्रम चारी काचा लावून, आरामशीर बसून झालेला आहे. लांबच्या पल्ल्याला न थकवता, न कोकलता, वेगानं नेणारी बंद गाडी. हे वर्णन लिहून घ्या, कारण आता डर्बीच्या गाडीकडे वळायचं आहे.

'रोल्स-रॉइसला बेंटलीचं रेडिएटर लावलं' हे विधान चासीच्या बाबतीत सरळ चूक आहे. साडेतीन लिटरच्या बेंटलीचा चासी कुठल्याही विकल्या गेलेल्या रोल्स-रॉइसचा नव्हता. 'पेरेग्रीन' या सांकेतिक नावानं एक छोटी गाडी कारखान्यात प्रयोगावस्थेत होती. ती कधी बाजारात आली नाही, तिच्या चासीतून ही गाडी घडली. आधी पावणेतीन लिटरच्या इंजिनाला सुपरचार्जर लावून पाहिला. जमलं नाही. मग ट्वेंटी-ट्वेंटीफाइव्हचा ३६६९ घन सेंटिमीटरचा ठोकळा घेतला, त्यावर नवं सिलिंडर हेड बसवलं, एका बाजूनं मिश्रण आत आणि दुसऱ्या बाजूनं धूर बाहेर अशी रचना केली, दाबाचं प्रमाण वाढवलं, कॅमशाफ्ट बदलला, दोन एस. यू. कार्ब्युरेटर लावले. रोल्स-रॉइस अश्वशक्तीचा आकडा कधी जाहीर करत नसे; जाणकारांचा अंदाज ११०च्या आसपासचा. क्रिकलवूडच्या साध्या साडेचार लिटर गाडीचा आकडाही ११०च. म्हणजे तेवढीच ताकद, सातशेहून अधिक घन सेंटिमीटर कमी आकारातून, आणि दोन जास्त सिलिंडरांच्या गोडव्यानं.

मापं पाहा. तीन लिटरच्या मूळ बेंटलीच्या चाकांमधलं अंतर आखूड चासीत ९ फूट साडेनऊ इंच, लांब चासीत १० फूट १० इंच. डर्बीच्या गाडीचं १० फूट ६ इंच. वजन दीड टनाच्या आसपास, वेग ताशी ९० मैलांच्या वर. १३ फुटी आठ लिटरच्या शेजारी ही गाडी उभी केली आणि १९२१ची तीन लिटरची समोर ठेवली, तर कोण कुणाच्या वळणावर गेलं आहे हे टेप न लावताही दिसतं. शेवटच्या दोन-तीन वर्षांत क्रिकलवूड आपल्या मूळ गाडीपासून जितकं दूर गेलं होतं, तितकं अंतर डर्बीनं उलट कापलं.

चालकाच्या जागेवर बसा. गिअरचा दांडा उजव्या हाताला, आसन आणि दार यांच्या मधे, बोटभर हलवला तरी पुरे असा. स्टिअरिंगच्या मध्यावर मिश्रणाचे आणि ठिणगीच्या वेळेचे छोटे दांडे. डॅशखाली एक जादा पेडल असतं. ते दाबलं की चासीच्या सांध्यांसांध्यांत तेल जातं. जुन्या तीन लिटरच्या गाडीत त्यासाठी ग्रीझगन घेऊन खाली सरपटावं लागे. ब्रेकची तऱ्हा तर पाहण्यासारखी. गिअरबॉक्सच्या बगलेला एक घर्षणाची चकती सतत फिरत असते. पायानं ब्रेक दाबला की ती चकती पकडली जाते आणि धावत्या गाडीचाच जोर उलटा ब्रेकच्या सळ्या ओढतो. कल्पना हिस्पानो-सुइझाची, रोल्स-रॉइसनं परवाना घेऊन वापरलेली. अशा ब्रेकसाठी डब्ल्यू. ओ.च्या जुन्या चालकांनी काय दिलं असतं!

आता जे खरं ते कबूल करतो. डर्बीच्या गाडीत सव्वाचार लिटरचं इंजिन १९३६मध्ये आलं आणि नेमके त्याच सुमाराला जर्मनीचे ऑटोबान खुले होत होते. तासन्‌तास पेडल तळाला लावून पळायची सोय झाली, आणि या इंजिनाच्या बेअरिंगांना ते मानवेना. १९३८च्या सुमारास गिअरबॉक्सच बदलावा लागला. वरचा गिअर असा केला की तेवढ्याच वेगाला इंजिन सावकाश फिरावं. क्रिकलवूडचं संथ, दणकट इंजिन अशा छळाला बहुधा जास्त पुरलं असतं. शिवाय रोल्स-रॉइसनं बेंटली विकत घेतली ती कलेच्या प्रेमानं नव्हे. आठ लिटरची गाडी फँटमच्या पोटावर पाय देत होती, तो पाय काढायचा होता. आठ लिटर बंद झाली, क्रिकलवूड बंद झालं. हा सौदा निर्दय होता. पण हेतू वाईट म्हणून निपजलेली वस्तूही खोटी, हे तर्कात बसत नाही. आणि मुळात हे सगळं त्या गाडीच्या चांगलेवाईटपणाबद्दल आहे, वारशाबद्दल नाही.

खुद्द डब्ल्यू. ओ. काय म्हणाला? सगळ्या गोष्टी ध्यानात घेता आपल्या नावानं निघालेल्या कुठल्याही गाडीपेक्षा हीच आपल्या दारी असावी, असा अभिप्राय त्यानं दिला होता. डर्बीचे वकील हा कागद हमखास पुढं करतात. मी तो पुराव्यात धरत नाही. पगारी माणसाचं प्रशस्तिपत्र ते. तेव्हा तो रोल्स-रॉइसच्या नोकरीत होता. त्याहून मोलाचं आहे ते त्यानं सुटका झाल्यावर केलेलं काम. १९३५मध्ये तो लगोंडा कंपनीत गेला. तिथं त्याच्यावर रोल्स-रॉइसचा पहारा नव्हता आणि क्रिकलवूडची कर्जंही नव्हती. तिथं त्यानं चार मोठ्या सिलिंडरांचा गडगडाट पुन्हा उभा केला का? त्यानं १२ सिलिंडरांचं, साडेचार लिटरच्या आतलं, भराभर फिरणारं, मऊसूत इंजिन केलं. आणि रोल्स-रॉइसमधलेच काही तंत्रज्ञ हाताशी घेऊन केलं. ती लगोंडा १९३९च्या ल मान्समध्ये तिसरी आणि चौथी आली. मोकळा सोडला तेव्हा तो ज्या दिशेला गेला, त्याच दिशेला डर्बीची बेंटली आधीच निघाली होती.

मग एवढे शहाणे लोक चुकले कुठं? मला वाटतं, गुन्हा खरा आहे, आरोपी चुकीचा आहे. १९५५मध्ये आलेली बेंटली एस आणि रोल्स-रॉइस सिल्व्हर क्लाउड या शेजारी उभ्या करा; रेडिएटर आणि नावाची पट्टी सोडली तर फरक शोधावा लागतो. १९६५च्या टी मालिकेचं तेच. 'रेडिएटर बदललेली रोल्स-रॉइस' हे वाक्य त्या गाड्यांना तंतोतंत लागू पडतं. पुढच्या शौकिनांनी बेंटलीची ही दशा डोळ्यांनी पाहिली, तिचं मूळ शोधत मागं गेले आणि १९३१च्या सौद्यापाशी थांबले. नातवाची उधारी आजोबाच्या खात्यावर मांडली गेली. १९३३ ते १९३९ या काळात बांधलेल्या सुमारे २४०० गाड्या त्या खात्यात फुकट अडकल्या.

राहता राहिला शर्यतीचा मैदानी पुरावा; शुद्धतावाद्यांना तोच शेवटचा वाटतो. एडी हॉल नावाच्या इंग्रजानं उत्तर आयर्लंडमधल्या आर्ड्‌सच्या टूरिस्ट ट्रॉफी शर्यतीत डर्बीची बेंटली १९३४, १९३५ आणि १९३६ अशी लागोपाठ तीन वर्षं उतरवली, रोल्स-रॉइसची मदत हळूच पाठीशी. ती शर्यत हँडिकॅपची; छोट्या गाड्यांना सवलत. हॉल तिन्ही वर्षं दुसरा आला आणि तिन्ही वर्षं त्याचा सरासरी वेग विजेत्याहून जास्त होता. १९३८मध्ये पॅरिसच्या आंद्रे एम्बिरिकोससाठी जॉर्ज पोलँच्या आराखड्यावरून पुर्तूनं सव्वाचार लिटरच्या चासीवर वाऱ्याला कापत जाणारी ॲल्युमिनियमची बॉडी चढवली. १९३९मध्ये ब्रुकलँड्सला त्या गाडीनं एका तासात ११४ मैलांहून जास्त अंतर तोडलं. रस्त्यावर वापरायची गाडी होती ती.

महायुद्धानंतर १९४९मध्ये ल मान्स पुन्हा सुरू झाली. तेव्हा बेंटली म्हणून रांगेत उभी राहिली ती हीच गाडी, दहा वर्षं वापरलेली, आणि सहावी आली. पुढच्या वर्षी ती पुन्हा आली, आणि सोबतीला हॉलची टूरिस्ट ट्रॉफीवाली बेंटलीही, सोळा वर्षांची, वर छप्पर बसवलेली. हॉलच्या शेजारी पाळी घ्यायला दुसरा चालक होता, पण त्याला चाक मिळालंच नाही. दुपारी चारपासून दुसऱ्या दिवशीच्या दुपारी चारपर्यंत हॉलनं ती एकट्यानं चालवली. आठवा आला. व्हाइट हाउसचं वळण त्यानं त्या २४ तासांत दर फेऱ्याला घेतलं.